रविवारी हॉल भरतो, प्रार्थनासभेला मात्र तेच ते चेहरे. तुमच्या मंडळीचा आठवडा कसा चालतो?

मोहरीचा_दाणा

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो.

आमच्या इव्हँजेलिकल मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आठवड्याच्या प्रार्थनासभेची जबाबदारी माझ्याकडे आहे. रविवारच्या उपासनेला जागा पुरत नाही, गाणी मनापासून होतात, संदेश लोक वह्या काढून लिहून घेतात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल त्या रविवारी तर लांबून लोक येतात. आणि मधल्या वारी प्रार्थनासभा असली की तीच वयस्कर भावंडं, मोजक्या बहिणी, पाळक (पास्टर) आणि त्यांच्या घरचे. हे एका मंडळीचं नाही, इतर मंडळ्यांतल्या ओळखीच्यांशी बोललो की तेही हेच सांगतात.

मला हे "लोक थंड पडलेत" म्हणून सोडून द्यायचं नाहीये. कारण हेच लोक कुणाच्या घरी आजारपण आलं की मध्यरात्री धावत जातात, हॉस्पिटलमध्ये पाळीपाळीने बसतात. प्रेम आहे, विश्वास आहे, घरी प्रार्थनाही करतात, तरी एकत्र बसून प्रार्थना करायला पाय उचलत नाही. मला असं वाटतं की बऱ्याचदा दोष आपण सभा कशी चालवतो त्यात असतो, आणि ते बदलता येतं.

आणि हे इतकं मनाला का लागतं तेही सांगतो. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीचं जे चित्र आहे त्यात शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना हे सगळं एका दमात येतं, प्रार्थना ही आवड असणाऱ्यांसाठी ठेवलेली जादाची गोष्ट नाही. पुढे १३ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास करून प्रार्थना करत होती आणि तिथूनच बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) बाहेर पाठवले गेले. म्हणजे बाहेर जाण्याची सुरुवात गुडघ्यावर झाली. आपण आठवडाभर कुणाची नावं घेऊन प्रार्थना करतो त्यावर ठरतं आपण कुणाच्या दारात जाणार. ज्या मंडळीच्या यादीत फक्त आपल्याच लोकांचे आजार आणि आपल्याच मुलांच्या परीक्षा असतात तिच्या सुवार्ताकार्याला, म्हणजे येशूचा संदेश बाहेर सांगण्याच्या कामाला, पुढे पुढे कार्यक्रमाचं रूप येतं, पत्रकं छापली वाटली आणि फोटो काढले, झालं.

तर सांगा, तुमच्याकडे प्रार्थनासभा कशी घेतात, काय बदललं की लोक यायला लागले, आणि बाहेरच्या सेवेशी तिचा संबंध कसा ठेवता. एकच विनंती, कुठला पंथ बरोबर हा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे पुष्कळ आहेत.

दीपस्तंभ

चांगला विषय काढलात दादा. मी सरळ मुद्द्यावर येतो. प्रार्थनासभेत प्रार्थनाच कमी होते.

कुठल्याही सभेत घड्याळ लावून बघा. आधी बरीच गाणी, मग वचनावर "थोडक्यात" बोलणं जे कधीच थोडक्यात होत नाही, मग "प्रार्थनेचे विषय सांगा", त्यात एकेकाची हकिकत, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, मग दुसऱ्याला त्यावरून आपल्या नात्यातलं आठवतं, आणि शेवटी दहा मिनिटं उरतात त्यात पाळक सगळ्यांच्या वतीने एक लांब प्रार्थना करतात आणि आमेन. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने का यावं?

आम्ही एक बदल केला. विषय सांगितला की तिथल्या तिथे, पुढचा विषय यायच्या आत, कुणीतरी एकाने त्यावर दोन-तीन वाक्यांत प्रार्थना करायची. यादी करणं बंद. हकिकत आपोआप आटोपशीर झाली कारण सांगणाऱ्यालाही कळतं की आता लगेच हे देवासमोर मांडायचंय. आणि प्रत्येक विषयाला वेगळा माणूस, पाळकांनी शक्यतो गप्प बसायचं. आमच्या पाळकांना सुरुवातीला हे अवघड गेलं, आता तेच सगळ्यात खूश आहेत.

वेळेच्या शिस्तीवरून न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेरेमाया लॅनफियर हा साधा माणूस, आधी व्यवसाय करणारा, एका चर्चने त्याला वस्तीतल्या कामासाठी नेमलं होतं. त्याने २३ सप्टेंबर १८५७ ला दुपारी बाराची प्रार्थनासभा ठेवली, कामावरच्या लोकांच्या जेवणाच्या सुट्टीत. पहिला अर्धा तास तो एकटाच बसून होता, मग एकेक करत तास संपेपर्यंत सहा जण झाले. पुढच्या आठवड्यांत माणसं वाढत गेली, लवकरच सभा रोज होऊ लागली, त्याच शरद ऋतूत बँका कोसळून आर्थिक संकट आलं आणि थोड्याच महिन्यांत शहरात जागोजागी अशा सभा भरू लागल्या. १८५७-५८ ची ती आध्यात्मिक जागृती म्हणतात ती हीच. तिथले नियम बघा: बोलणं असो वा प्रार्थना, एकाने पाच मिनिटांच्या आत संपवायचं, वादाचे विषय काढायचे नाहीत, आणि ज्याला पाच मिनिटं आहेत त्याने पाच मिनिटं यावं, दहा असतील तर दहा, मध्येच उठून गेलं तरी कुणी वाईट मानायचं नाही. आपल्याकडे मध्ये उठलं की सगळ्या माना वळतात.

साधावाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून दोन प्रश्न विचारतो, राग मानू नये. एक, इव्हँजेलिकल म्हणजे इतर चर्चपेक्षा नेमकं काय वेगळं? दोन, आणि हा जरा टोचणारा आहे. तुमची मदत, भेटी, मुलांचे वर्ग हे सगळं शेवटी लोकांना आपल्यात ओढण्यासाठीच असतं ना? मग त्याला सेवा कसं म्हणायचं?

मोहरीचा_दाणा

साधावाचक, राग कसला, मनापासून विचारलंत त्याबद्दल आभार.

पहिल्याचं उत्तर. हा एक वेगळा पंथ नाही, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, ब्रदरन, अँग्लिकन अशा अनेक ठिकाणी हे लोक सापडतील, १८४६ मध्ये लंडनला इव्हँजेलिकल अलायन्स झाली तीच मुळी वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या लोकांनी एकत्र यावं म्हणून, आणि जानेवारीच्या सुरुवातीचा प्रार्थना सप्ताह त्यांनीच रुजवला. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये चार खुणा मांडल्या त्या आजही सगळे वापरतात: बायबल हा शेवटचा अधिकार, वधस्तंभ हा केंद्रबिंदू, प्रत्येकाने स्वतः वळून ख्रिस्ताकडे यायचं हा आग्रह, आणि विश्वास कृतीत उतरला पाहिजे ही धडपड. या शेवटच्या दोन खुणांमुळेच आमच्यात साक्ष (आपला अनुभव सांगणं) आणि सुवार्तेवर इतका भर असतो.

दुसऱ्या प्रश्नावर ओंजळताईंनी लिहावं असं वाटतं, भेटीगाठींचं काम त्या माझ्यापेक्षा खूप जास्त करतात.

ओंजळ

बोलावलंत म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

साधावाचक, तुमचा प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचलाच पाहिजे. काही ठिकाणी तसं होतं, मी नाकारणार नाही, आणि जिथे मदतीच्या बदल्यात सभेला येण्याची अपेक्षा ठेवली जाते तिथे मला स्वतःला फार वाईट वाटतं, कारण त्याने ज्याच्या नावाने आपण जातो त्याचंच नाव खाली येतं. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, लूक १७ मध्ये आहे, त्यातला एकच परत आला. बाकी नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. माझ्यासाठी हा विषय इथेच संपतो.

आम्ही भेटीला जाणाऱ्या गटाशी काही गोष्टी पक्क्या ठरवल्यात. मदत गरजेवर ठरते, कोण उपासनेला येतं यावर नाही. मदत देताना पत्रक हातात द्यायचं नाही, कारण त्या क्षणी समोरचा माणूस नको म्हणू शकत नाही आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याला विचारणं म्हणजे दडपण. कुणाचा फोटो नाही. लहान मुलांशी विश्वासाबद्दल बोलायचं तर आधी त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगून आणि त्यांची परवानगी घेऊन. आणि आजारी माणसासमोर औषध बंद करा असा शब्दही काढायचा नाही. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, आम्ही ते करतो, मनापासून करतो, आणि त्याच दुपारी त्यांना तपासणीला घेऊन जायला माणूसही देतो. या दोन्हीत भांडण आहे असं मला कधी वाटलं नाही.

पण आम्ही कोण आहोत हे लपवतही नाही. दारात गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगतो की आम्ही अमुक मंडळीतून आलोय. "कशासाठी करता हे?" असं कुणी विचारलं तर ख्रिस्तासाठी हे उत्तर देतो, कारण तेच खरं आहे. १ पेत्र ३:१५ मध्ये आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलंय, आणि पुढेच म्हटलंय की ते सौम्यतेने आणि आदराने. बरेच लोक वचनाचा पहिला अर्धा पाठ करतात आणि दुसरा विसरतात.

हे काही आजचं नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट ज्युलियन, ज्याला ख्रिस्ती विश्वास मागे ढकलून जुने देव परत आणायचे होते, त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केलीय की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक फक्त स्वतःच्याच गरिबांना नाही तर आपल्या गरिबांनाही सांभाळतात. आपल्या विरोधकाने हे लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये रविवारच्या सभेचं वर्णन केलंय, वाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ते सेवकांच्या हाती पोचवणं, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची काळजी. उपासना आणि वस्तीतली सेवा एकाच परिच्छेदात आहे. मला हे वाचलं की फार बळ येतं.

आता मूळ प्रश्नाशी जोडते. आम्ही भेटीला जाण्याआधी प्रार्थना करतो हे सगळेच करतात, पण भेटीनंतरची प्रार्थना जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत आहे. परत आल्यावर गटाने बसायचं, कुणाला काय हवंय ते बोलायचं, आणि देवाला विचारायचं की यातलं आमच्या हातून काय होणार. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असतानाही येशूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं. आपण न विचारताच ठरवून जातो.

कडेकपार

ओंजळताईंचं बरंचसं पटतं पण एका गोष्टीवर मी वेगळं म्हणेन, आणि स्पष्ट म्हणेन.

हल्ली बऱ्याच मंडळ्यांत "आमचं जीवनच साक्ष आहे" असं म्हणून तोंड उघडायचंच नाही अशी पद्धत पडलीय. चांगलं वागणारे सगळ्या धर्मांत आहेत, कुठलाच धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. माझ्या चांगल्या वागण्यावरून कुणाला वधस्तंभ कळणार नाही. रोमकरांस १०:१४ मध्ये पौलाचा सरळ सवाल आहे, सांगणाराच नसेल तर ऐकणार कसं? मी अनोळखी माणसाशी बोलतो, बागेत, स्टेशनवर, प्रवासात. आधी विचारतो की दोन मिनिटं बोलू का, नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे जातो, वाद घालत नाही, दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल वाईट शब्द काढत नाही. पण बोलतो. मलाही असंच एका अनोळखी माणसाने सांगितलं होतं, त्या माणसाने मदत वगैरे काही केली नव्हती, फक्त सांगितलं आणि गेला, आणि त्याच्यामुळे मी आज इथे आहे.

ओंजळ

कडेकपार दादा, यावर तुमच्याशी भांडण नाहीच. १९७४ च्या स्वित्झर्लंडमधल्या लोझान परिषदेत जगभरचे इव्हँजेलिकल जमले होते तेव्हा हाच ताण होता, आणि इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांच्या पुढाकाराने जो करार लिहिला गेला त्यात सुवार्ता सांगणं आणि समाजातली जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्यं आहेत असं स्पष्ट म्हटलंय, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही हेही. मी एवढंच म्हणते की मदतीचा क्षण आणि सांगण्याचा क्षण यांची सरमिसळ नको. तुम्ही विचारून बोलता, समोरचा मोकळेपणाने जाऊ शकतो, त्यात मला काहीच वावगं दिसत नाही.

साधावाचक

दोघांनीही नीट उत्तर दिलंत. सगळं पटलं असं नाही म्हणणार पण "ज्याला नको म्हणता येत नाही त्याला विचारणं म्हणजे दडपण" हे वाक्य लक्षात ठेवेन. वाचत राहतो.

चौथा_प्रहर

मी रात्रपाळीत नर्सिंग करते. इथे सगळे संध्याकाळच्या सभेबद्दल बोलतायत म्हणून लिहावंसं वाटलं. माझ्यासारख्या किती जणी आहेत ज्यांना कधीच येता येणार नाही, सिक्युरिटीवाले, ड्रायव्हर, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या बायका. दर रविवारी व्यासपीठावरून "प्रार्थनासभेला न येणाऱ्यांनी आत्मपरीक्षण करावं" असं ऐकलं की जीव कासावीस होतो. मी वॉर्डमध्ये पेशंट झोपले की एकेका बेडजवळून जाताना मनातल्या मनात त्या माणसासाठी प्रार्थना करते, कुणाला कळतही नाही. ही प्रार्थना मंडळीच्या हिशोबात धरायची की नाही?

मोहरीचा_दाणा

ताई, धरायची म्हणजे काय, तुमचं वाचून मीच थांबलो. तुमच्या वॉर्डसाठी आम्ही प्रार्थना करायला हवी होती आणि तुम्ही तिथे आधीच करताय. व्यासपीठावरून जे बोललं जातं त्याबद्दल मी आमच्या मंडळीच्या वडिलांच्या बैठकीत नक्की बोलेन, हाच सूर आमच्याकडेही असतो.

दीपस्तंभ

चौथा_प्रहर ताईंसाठी आणि सगळ्यांसाठीच, जर्मनीतल्या हर्नहूट गावाची आठवण करून देतो. सॅक्सनीत काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्या जमिनीवर मोरावियातून छळामुळे पळून आलेले लोक वसले होते, आपसात भयंकर भांडणं होती, १७२७ च्या ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या उपासनेत त्यांची मनं जुळली आणि त्याच महिन्यात चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रिया अशांनी दिवसाचे तास वाटून घेतले, प्रत्येकाने आपल्या तासाला जिथे असेल तिथे प्रार्थना करायची. ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली. आणि पाचच वर्षांत, १७३२ ला, त्यातून पहिले दोघे कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये सुवार्ता सांगायला निघाले.

म्हणजे सगळ्यांनी एका खोलीत असायलाच हवं असं नाही. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर तास वाटून घेतो, रात्रीचे तास रात्रपाळीवाल्यांनी आपणहून मागून घेतले. आता तेच त्या साखळीचा कणा आहेत. फक्त एक काळजी घ्यावी, तास पूर्ण झाला की ग्रुपवर "केली" असं टाकायची सक्ती करू नका. त्याची हजेरी होते आणि मग प्रार्थना बाजूला पडते.

पाऊलखूण

मी तरुण संघातला आहे, जरा आमची बाजू मांडतो.

आम्ही प्रार्थनासभेला येत नाही त्याचं एक कारण सांगू का, भीती वाटते. मोठी माणसं प्रार्थना करतात ती इतकी सुंदर भाषेत, "हे कृपाळू व दयासंपन्न स्वर्गीय पित्या" पासून सुरू होऊन वचनांमागून वचनं, आणि मग कुणीतरी म्हणतं आता तरुणांपैकी कुणीतरी करा. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त "देवा माझ्या मित्राला दारूतून सोडव" एवढं एकच वाक्य असतं. ते त्या सगळ्यानंतर कसं म्हणायचं? मग मान खाली घालून बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

दीपस्तंभ

पाऊलखूण, ते एक वाक्य म्हण. अगदी तेवढंच म्हण. जकातदाराची प्रार्थना, लूक १८ मधली, एकाच वाक्याची होती आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला.

आणि मोठ्यांना सांगतो, सभेत पहिली प्रार्थना एका ओळीची असावी असं ठरवा. पहिला माणूस जसं करतो तसंच पुढचे करतात. आम्ही कधी कधी एक स्तोत्र घेतो, एकेक ओळ वाचायची, मग ज्याला त्या ओळीवरून जे सुचेल ते एका वाक्यात. मध्ये शांतता पडली तर पडू द्यायची, लगेच गाणं सुरू करून ती भरायची नाही. तीन-तीन जणांत बसवलं तर लाजरी माणसंही बोलतात, मोठ्या वर्तुळात नाही बोलत.

कडेकपार

+१. आणि त्या मित्राचं नाव न सांगता विषय इथे टाक, आम्हीही प्रार्थना करू.

पाऊलखूण

धन्यवाद. त्याला विचारून टाकतो.

ओंजळ

"त्याला विचारून" हे किती बरोबर लिहिलंस बाळा. यावर बोलायलाच हवं. प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याच्या घरातलं सगळं बाहेर येतं. अमुकचं लग्न मोडायला आलंय, तमुकच्या मुलीचं असं असं झालंय, "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणून ग्रुपवर येतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मी एका बहिणीला ओळखते, तिने आपलं दुखणं फक्त एका व्यक्तीला सांगितलं होतं, ते पुढच्या सभेत तिच्यासमोर मोठ्याने प्रार्थनेत आलं, नावासकट. ती नंतर कुठल्याच सभेला गेली नाही. आम्ही आता साधा नियम ठेवलाय, ज्याचा विषय त्याचीच परवानगी, नसेल तर "एक बहीण" एवढंच. देवाला आडनाव लागत नाही.

घरओसरी

घरसंगतीबद्दल, म्हणजे घरी जमणाऱ्या छोट्या गटाबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझा अनुभव असा की प्रार्थनासभा भरायची असेल तर आधी घरसंगती नीट झाली पाहिजे. माणूस शंभर लोकांसमोर मन उघडत नाही, आठ-दहा जणांत उघडतो, आणि तिथे एकमेकांसाठी प्रार्थना करायची सवय लागली की मग मोठ्या सभेतही येतो.

जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्टांचे क्लास कसे सुरू झाले ते वाचण्यासारखं आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनामंदिराचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून बारा-बारा जणांचे गट करून एकेका पुढाऱ्याने घरोघर जाऊन आठवड्याला एकेक पेनी गोळा करायची असं ठरलं. पैसे गोळा करायला दारात जाणाऱ्यांना घरातली खरी स्थिती दिसायला लागली, कोण आजारी, कोण व्यसनात, कोणाचं घरात भांडण. वेस्लींना लगेच उमगलं की मेंढपाळपणाची हीच योग्य रीत. पुढे गट एकत्र बसायला लागले आणि प्रत्येकाला विचारलं जायचं की या आठवड्यात तुझा जीव कसा आहे. मला हा प्रश्न खूप प्रिय आहे. आमच्या घरसंगतीत आम्ही रविवारच्याच संदेशाचा उतारा परत घेतो, नवीन अभ्यास नाही, कारण ऐकलेलं पचलेलं नसतं. या वचनाप्रमाणे या आठवड्यात कुणाकडे जाशील, असं एकेकाला विचारतो, आणि पुढच्या आठवड्यात गेलास का हे प्रेमाने विचारतो.

शिवाय यामुळे पाळकांवरचं ओझं हलकं होतं. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला तेच सांगतो, एकटा करशील तर तूही थकशील आणि लोकही. आपले पाळक संदेश तयार करतात, भेटी देतात, अंत्यविधी करतात, लग्नं लावतात, नवरा-बायकोची भांडणं सोडवतात, त्यांना आठवड्यात एक पूर्ण दिवस फोन न करण्याचं ठरवलंत तर तीही मोठी सेवा आहे.

पायवाट

मी क्वचितच लिहिते. पण इथे जे चाललंय ते वाचून राहवलं नाही.

माझ्या नवऱ्यासाठी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली. उपास केले. साखळी चालवली. तो गेला. त्यानंतर मी प्रार्थनासभेला गेले तेव्हा साक्ष देण्याची वेळ होती, एकाने नोकरी मिळाल्याची साक्ष दिली, एकीने ट्यूमर विरघळल्याची, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया म्हटलं. माझ्यासाठी त्या खोलीत काहीच नव्हतं. कुणी वाईट नव्हतं, सगळे प्रेमळ होते. पण माझ्या दुःखाला तिथे शब्द नव्हता. एकाने तर मला नंतर सांगितलं की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.

मोहरीचा_दाणा

पायवाट ताई, ते शेवटचं वाक्य तुम्हाला ऐकावं लागलं याचं फार वाईट वाटतं. ते खोटं आहे. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, २ करिंथ १२, काटा निघाला नाही, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं.

ओंजळ

ताई, मी तुमच्या जवळ असते तर काहीच न बोलता बसले असते. इथे लिहावं लागतं म्हणून लिहिते.

दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते कुणीही उघडून बघावं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ सुद्धा नाही, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे, मंदिरात गायला दिलेलं. म्हणजे असं दुःख घेऊन देवासमोर उभं राहायला त्याने स्वतःच जागा ठेवलीय, ती जागा आपण आपल्या सभांमधून काढून टाकलीय. ज्या सभेत फक्त मिळालेल्या उत्तरांच्या साक्षी होतात तिथे तुटलेलं माणूस परत येत नाही, आणि मग आपण म्हणतो लोक का येत नाहीत. मोहरी दादा, तुमच्या मूळ प्रश्नाचं मला तरी सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं.

घरओसरी

खरंय. आमच्याकडे एका बहिणीने सुचवलं की साक्षीच्या वेळेत "अजून वाट पाहतोय" हेही सांगता यावं. आता लोक उभे राहून म्हणतात, मुलगा अजून परतला नाही, अजून वाट पाहतोय. कुणी उपदेश करत नाही, शेजारचा खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. अशा साक्षीनंतर प्रार्थना वेगळीच होते, वरवरची राहत नाही.

पायवाट

हे असतं तर मी गेले असते. जाईन कदाचित.

कडेकपार

ताई, तुमच्यासाठी आज प्रार्थना केली. नाव माहीत नाही, गरजही नाही.

चौथा_प्रहर

मीही, आज रात्रीच्या राउंडला.

मोहरीचा_दाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या सभेपासून काय करणार ते लिहून ठेवतो, म्हणजे तुम्हीही विचाराल. वचन पाच मिनिटं, फक्त वाचन आणि एक विचार. विषय सांगितला की लगेच प्रार्थना, पहिली एका ओळीची. तीन-तीन जणांत बसणं. साक्षीत वाट पाहणाऱ्यांनाही जागा. आणि प्रत्येक सभेत निदान एक विषय मंडळीबाहेरच्या माणसांचा, तोही मोघम "आपल्या शहरासाठी" असा नको, अमुक बिल्डिंगमधले एकटे राहणारे आजोबा, अमुक शाळेतल्या शिक्षिका, रात्रपाळीतला वॉर्ड. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी जागृती झाली तिच्याआधी कित्येक महिने तिथल्या मुली आणि बायका रोज गटागटाने प्रार्थनेला जमत होत्या, आणि नंतर त्याच मुलींच्या टोळ्या सुवार्ता सांगायला गावोगाव जात होत्या. ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं त्या मुलींनी हे केलं. आपल्याला का जमू नये.

एक प्रश्न राहिलाच, मुलांचं काय करता? आईवडील यायला तयार असतात पण लहान मुलं असतात.

घरओसरी

पहिली पंधरा मिनिटं मुलांना आत ठेवा, त्यांनाही प्रार्थना करू द्या, त्यांची सगळ्यात प्रामाणिक असते. मग शेजारच्या खोलीत चित्रं, गोष्ट. पण तिथे कायम दोन मोठी माणसं हवीत, ती एकाच घरातली नकोत, आणि दार उघडं. विश्वासाचा प्रश्न नाही, नियमच ठेवायचा, सगळ्यांना सारखा, पाळकांनाही. संडेस्कूलला आम्ही हेच करतो, आणि दान मोजायलाही नेहमी दोघं, तेही वेगवेगळ्या घरातले.

पाऊलखूण

मुलांची ती खोली आम्ही तरुण संघातले पाळीपाळीने सांभाळू शकतो. आमच्या मंडळीत मी आज विचारतो. ज्याची पाळी नसेल तो आत प्रार्थनेला बसेल.